लो बजेट लव्हस्टोरीच्या सेटवर पहिल्यांदा असिस्टंट म्हणून जाताय? मग हे वाचून जा

रोमँटिक कॉमेडी म्हणजे सोपं काम असा बऱ्याच जणांचा समज असतो. हिरो, हिरॉइन, दोन गाणी, एक विनोदी मित्र, शेवटी दोन्ही घरचे राजी आणि झालं. म्हणूनच पहिल्यांदा पैसा लावणारे निर्माते आणि पहिल्यांदा डायरेक्टर होणारे लोक बहुतेक याच गल्लीतून शिरतात, आणि त्यात गरीब मुलगा-श्रीमंत मुलगी असं काहीतरी असतंच कारण त्याशिवाय भांडण कुठून आणणार. तर तुम्ही कॉलेजात एकांकिका वगैरे करून आता काम शोधत असाल तर तुमची पहिली फिल्म अशीच निघायचे चान्सेस भरपूर आहेत. माझी तशीच होती. चार असिस्टंट डायरेक्टर्समधली मी चौथी, म्हणजे क्लॅप (शॉटआधी वाजवायची पाटी) माझ्याकडे, कंटिन्युइटीचे फोटो, म्हणजे शॉट बदलला तरी कपडे-वस्तू तशाच राहाव्यात म्हणून काढायचे फोटो, माझ्याकडे, आणि ज्या कामाला कुणाचंच नाव नाही ते पण माझ्याकडे. फिल्मचं नाव सांगत नाही, थेटरात धड आठवडाभर पण टिकली नाही. पण शिकायला जे मिळालं ते तिथेच, त्यानंतर मोठ्या सेटवर पण कामं केली पण तिथे माणूस एका कोपऱ्यात वॉकीटॉकी घेऊन ट्रॅफिक अडवत बसतो, बाकीचं काय चाललंय ते कळत पण नाही.

गोष्ट साधी होती. मुलाच्या आईवडलांची इस्त्रीची टपरी, मुलगा बीकॉम करतो आणि संध्याकाळी घरोघरी कपडे पोचवतो. मुलगी पुण्यातल्या प्रभात रोडवरच्या जुन्या बंगल्यातली. (प्रभात रोडला ते नाव प्रभात फिल्म कंपनीवरून पडलं आणि कंपनीची जागा म्हणजेच आजचं एफटीआयआय, सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, हे आमच्या निर्मात्याला शूटिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं, असो.) कपड्यांचे गठ्ठे, एक चुकून दुसऱ्याच गठ्ठ्यात गेलेला ड्रेस, तो परत द्यायला झालेल्या फेऱ्या, तिथून प्रेम.

आता पहिली गोष्ट, स्क्रिप्ट हातात आली की ती प्रेमकथा म्हणून वाचू नका, ते काम प्रेक्षकांचं. तुम्ही लोकेशन मोजा. लो बजेटमध्ये पैसा सगळ्यात जास्त कुठे जातो तर युनिट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवण्यात. लाईट उतरवा, टेम्पो भरा, ट्रॅफिक, परत लावा, यात सहज अर्धी शिफ्ट जाते आणि अर्ध्या शिफ्टमध्ये दोन सीन झाले असते. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट धरतात, म्हणजे ११० पानांची फिल्म २५ दिवसांत काढायची तर रोज साडेचार पानं तरी व्हायलाच हवीत, आणि ती होतात कधी, तर दिवसभर एकाच जागी असाल तर. पानाचे आठ भाग करून प्रत्येक सीन किती अष्टमांश पानाचा आहे ते ब्रेकडाऊनमध्ये, म्हणजे सीनवार कामाच्या यादीत, लिहायची पद्धत आहे, ती घरी बसून एखाद्या जुन्या स्क्रिप्टवर करून बघा, सेटवर कुणी शिकवायला बसत नाही.

याचं मराठीतलं चांगलं उदाहरण हवं असेल तर २०१० चा मुंबई-पुणे-मुंबई परत बघा. जवळजवळ सगळी फिल्म दोन माणसांवर, पुण्यात, एका दिवसात, बहुतेक वेळ चालत बोलत. आणि वर्गाच्या फरकाची गोष्ट बघायची असेल तर २०१४ चा टाइमपास, रिक्षावाल्याचा पोरगा आणि लेल्यांची मुलगी. दोन्ही आवाज बंद करून बघा. आवाज बंद असला की डायलॉगच्या नादाला न लागता कोण कुठे उभं आहे, कोणाच्या पायात काय आहे, दारात किती वेळ थांबवलंय हे दिसायला लागतं. वर्गाच्या फरकाची अर्धी गोष्ट उंबऱ्यावरच असते.

आमच्या फिल्ममध्ये हे काम लिफ्टने केलं. मूळ स्क्रिप्टमध्ये हिरो-हिरॉइनचे तीन सीन होते, एक कॅफेत, एक मॉलमध्ये, एक तिच्या आत्याच्या फ्लॅटमध्ये. कॅफेवाल्याने जे भाडं सांगितलं ते ऐकून प्रॉडक्शन मॅनेजर नुसताच हसला. मग डायरेक्टरने तिन्ही सीन आत्याच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणले. सोसायटी त्याच्या काकांची, भाडं शून्य, जुनिअर आर्टिस्ट (मागे दिसणारी गर्दी) नकोत, बाहेरचा उजेड नको, दार बंद केलं की आवाज पण बऱ्यापैकी नीट. आणि त्या सोसायटीत खरोखरच "कामवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी" असा बोर्ड होता, आर्टवाल्यांना रंगवावा पण लागला नाही. पहिल्या सीनमध्ये तो गठ्ठा घेऊन मागच्या लिफ्टकडे जातो, दुसऱ्यात ती त्याला पुढच्या लिफ्टमध्ये ओढते आणि वॉचमन बघतो, तिसऱ्यात ती स्वतः मागच्या लिफ्टमध्ये येऊन उभी राहते आणि त्यात कचऱ्याच्या बादल्या पण असतात. अख्ख्या फिल्ममध्ये हेच तीन सीन लोकांना आवडले. पैसे असते तर कॅफेत दोघं कॉफी पीत बसले असते आणि कुणाला काही आठवलं नसतं. म्हणून कुणी "बजेट नाही" म्हटलं की लगेच तोंड पाडू नका, कधी कधी त्यातूनच बरं काहीतरी निघतं. नेहमी निघत नाही हे पण खरं. आमच्या गाण्यात बजेट नव्हतं आणि ते गाण्यात दिसतं.

आता घरांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच आहे.

हिरोचं घर आम्ही पर्वती पायथ्याला एका वस्तीत घेतलं होतं, खरं घर, दहा बाय बाराची खोली, घरातले लोक शेजारी राहायला गेले होते. आर्ट डिपार्टमेंटने आदल्या रात्री जाऊन घर "गरीब" केलं. म्हणजे काय, तर भिंतीवर डाग, पातेल्यांना काजळी, एक फाटका पडदा, दोरीवर मळके कपडे. सकाळी घरमालकीण मावशी डोकावल्या आणि त्यांचा जो काही संताप झाला तो बघण्यासारखा होता. "ही कुणाची भांडी? माझी? आमच्या मांडणीवरची भांडी एवढी काळी असतात व्हय? उद्या पिक्चरमध्ये माझ्या सुनेच्या माहेरचे बघतील." आणि त्यांनी कॅमेरा लावलेला असताना पदर खोचून सगळी भांडी परत घासायला काढली. तासभर गेला. पण त्यांनी जी मांडणी लावली ना, वर परातींची रांग, मग ताटं उभी, खाली डबे मोठ्यापासून छोट्यापर्यंत, सगळं स्टील असं की समोरच्या दारातला उजेड त्यात दिसत होता, ती बघून कॅमेरामनने लाईट बदलला आणि सीन मांडणीसमोरच घेतला. तो शॉट फिल्मच्या ट्रेलरमध्ये आहे.

दुसरीकडे बंगल्यात उलटा प्रकार. डायरेक्टरला श्रीमंती म्हणजे झुंबर, पांढरा सोफा, जिन्यावर कार्पेट असं हवं होतं, आणि भाड्याने मिळालेला बंगला होता खराखुरा जुन्या पुणेकरांचा. सोफ्यावर जुनी चादर टाकलेली, म्हणजे सोफा खराब होऊ नये. किचनमध्ये बोर्नव्हिटाच्या बरण्यांत डाळी. नळावर धुवून वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या. आजोबांच्या बनियनला भोकं. डायरेक्टर म्हणाला हे सगळं काढा, लोकांना श्रीमंत वाटणार नाही. आमची फर्स्ट असिस्टंट ताई मात्र अडून बसली, म्हणाली पिशव्या राहू देत, हे लोक काटकसर करतात कारण त्यांना कुणाला काही दाखवायचं नाहीये, दाखवायची गरज वस्तीतल्या मावशींना आहे. शेवटी तडजोड झाली, झुंबर आलं पण पिशव्या राहिल्या. मला विचाराल तर झुंबर भिकार दिसतं आणि पिशव्यांवर थेटरात हशा आला.

तर असिस्टंट म्हणून जाताना ही नजर घेऊन जा, ती फुकट असते आणि लो बजेटमध्ये दुसरं काही फुकट नसतं. रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, गेलात की लोकेशन मॅनेजर खोलीची लांबी-रुंदी आणि मीटरचा लोड बघेल, कॅमेरामन खिडक्या बघेल, तुम्ही चपला कुठे काढल्यात ते बघा, पाहुण्याला पाणी कशात देतात ते बघा, फ्रीजवर काय ठेवलंय, देवघर कुठे आहे, दाराच्या मागे काय टांगलंय. फोटो काढा, विचारून काढा. आर्टवाल्यांना ते फोटो दाखवलेत तर ते तुमच्यावर चिडणार नाहीत, उलट त्यांचं काम कमी होतं.

कपड्यांचं पण असंच. कॉस्च्युमवाल्यांनी हिरोसाठी चुरगळलेले, विटके शर्ट आणले होते, गरीब आहे ना तो. हिरो स्वतः म्हणाला, अहो मी इस्त्रीवाल्याचा मुलगा आहे, माझा शर्ट तर अख्ख्या फ्रेममध्ये सगळ्यात कडक पाहिजे. बरोबर होतं त्याचं. मग ठरलं की हिरोकडे एकूण तीनच शर्ट, तेच आलटून पालटून, पण प्रत्येक वेळी कडक इस्त्री, आणि हिरॉइनचा भाऊ लाखभर पगाराचा असून कायम चुरगळलेल्या लिननच्या शर्टात. ऐकायला मस्त वाटतं पण कंटिन्युइटीचं काय झालं ते मला विचारा. बाहीवरची घडी सीनच्या सुरुवातीला असते आणि चौथ्या टेकला घामाने गेलेली असते, ड्रेस दादा टपरीतल्याच इस्त्रीने परत घडी मारतात, ती घडी अर्धा इंच पुढे पडते, आणि एडिटवर क्लोज (जवळून घेतलेला शॉट) आणि मास्टर (अख्खा सीन लांबून घेतलेला) जोडले की घडी उड्या मारते. मी प्रत्येक टेकनंतर दोन्ही बाह्यांचे फोटो काढायचे. हसू नका, फोटो फक्त चेहऱ्याचे काढून चालत नाही, हात, पाय, पिशवी कोणत्या खांद्यावर, चहा किती उरलाय, घड्याळात किती वाजलेत, सगळ्याचे काढायचे आणि प्रत्येक फोटोला सीन नंबर आणि शॉट नंबर तिथल्या तिथे द्यायचा. रात्री देऊ म्हटलं की संपलं.

कपड्यांसाठी स्टोरी डे नावाची गोष्ट समजून घ्या. गोष्टीतला पहिला दिवस, दुसरा दिवस असे नंबर द्यायचे आणि कुठला सीन कुठल्या दिवशी घडतो ते लिहून काढायचं, कारण शूटिंग कधीच क्रमाने होत नाही. आमच्याकडे शेवटचं भांडण आणि पहिली भेट एकाच दुपारी शूट झाली, बंगल्याचं गेट तेवढ्याच वेळेसाठी मिळालं होतं. कपडे बदलून भागतं असं नाही, दोघांनी एकमेकांना हाक कशी मारायची ते पण बदलतं. पहिल्या भेटीत तो तिला "ताई, कपडे" म्हणतो, कारण कपडे पोचवणारा कुठलाही मुलगा तेच म्हणणार. नंतर प्रेम झाल्यावर या ताईतून सुटका कशी करायची यावर आमचा अख्खा मधला भाग होता, तो बिचारा तिचं नाव न घेता, नुसतंच "ऐका ना", "इकडे" असं करत फिरतो. मग तुम्ही, मग एका सीनमध्ये रागाच्या भरात तू. आता हे सगळं उलटसुलट शूट होत असताना कलाकारांना दर वेळी आठवण कोण करणार? आम्ही. मी स्क्रिप्टच्या प्रत्येक सीनवर कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, ताई, काही नाही, तुम्ही, तू. तिच्या बाजूने मात्र पहिल्यापासून तू. त्यात पण वर्ग आलाच, पण ते लेखकाने मुद्दाम केलं होतं की त्याच्याकडून सहज झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

भाषेवर एक सांगते. वस्तीतला माणूस दाखवायचा म्हणजे त्याच्या तोंडी न-ण चे घोळ घालायचे आणि लोकांनी हसायचं ही सवय मराठीत फार जुनी आहे आणि मला ती चीड आणते. हसायचंच तर जो माणूस परिस्थितीत अडकलाय त्याला हसा, त्याच्या उच्चारांना काय हसता. आमच्या डायलॉग रायटरला हे मान्य होतं म्हणून निभावलं, तुमच्याकडे नसेल तर नव्या असिस्टंटने सगळ्यांसमोर बोलू नका, जेवणाच्या वेळी बाजूला घेऊन बोला. सेटवर डायरेक्टरला सगळ्यांसमोर सुधारणारा असिस्टंट दुसऱ्या दिवशी पार्किंग सांभाळतो.

आवाजाचं प्रकरण वेगळंच. आम्ही सिंक साउंड करत होतो, म्हणजे जागेवरच खरा आवाज रेकॉर्ड, डबिंगचा खर्च वाचतो म्हणून. वस्तीत सिंक साउंड म्हणजे संध्याकाळी सात ते नऊ विसरून जा, प्रत्येक घरात सिरियल चालू असते आणि कुकर. सकाळी पाणी येतं तेव्हा पण नाही. दुपारी दोन ते चार शांत. कॉलशीट, म्हणजे दिवसाच्या शूटिंगचं वेळापत्रक, त्याप्रमाणे लावायला हवी होती आणि दोनचार दिवसांनी लागली पण. लोकांना "गप्प बसा" म्हणून ओरडू नका, त्यांच्या गल्लीत तुम्ही पाहुणे आहात, प्रत्येक ओळीत एका घरी सांगून ठेवा, ते बाकीच्यांना सांगतात. आणि साउंड रेकॉर्डिस्टने रूम टोन मागितला, म्हणजे सीन संपल्यावर अर्धा-एक मिनिट त्या खोलीचा नुसता आवाज, तर तेव्हा खुर्ची सरकवणारे, चिप्सचं पाकीट फोडणारे नेमके असिस्टंटच असतात. हलू नका.

आवाजाचाच दुसरा भाग म्हणजे हक्क. रिक्षातल्या सीनमध्ये रिक्षावाल्याने आपलं नेहमीचं गाणं लावलेलं होतं, कुणाच्या लक्षात नाही, टेक ओके. रात्री फुटेज बघताना साउंडवाला म्हणाला हे गाणं ज्या कंपनीचं आहे त्यांच्याकडून हक्क विकत घ्यावे लागतील, बॅकग्राउंडला असलं म्हणून काय झालं. परवडणार नव्हतंच. मग संगीतकाराने दोन ओळींचं जुन्या ढंगाचं एक खोटं गाणं करून दिलं आणि सीन परत घेतला. टीव्हीवर चालू असलेला कार्यक्रम, भिंतीवरचं पोस्टर, दुकानाची पाटी, सगळं हेच. फ्रेममध्ये काय काय आहे ते शॉटआधी बघणं हे पण आपलंच काम.

नियमांचं थोडं. फ्रेममध्ये कुणी बिडी-सिगरेट ओढताना किंवा तंबाखू खाताना दाखवलं की फिल्मच्या सुरुवातीला आणि मध्ये तंबाखूविरोधी जाहिरात दाखवावी लागते, शिवाय तो सीन चालू असताना खाली इशारा. आमच्या डायरेक्टरला ते नको होतं म्हणून हिरोच्या वडलांच्या हातातली बिडी गेली आणि त्यांना बशीतून चहा प्यायची सवय लागली. लहान मुलं असतील तर आणखी नीट बघा. २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, त्यात सलग ३ तासांच्या वर नाही, आणि मुलाच्या मोबदल्यातले किमान २० टक्के त्याच्या नावाने बँकेत फिक्स डिपॉझिट. हिरोची धाकटी बहीण आमच्याकडे दहा वर्षांची होती, तिचे सीन सकाळीच आणि वेळ वहीत लिहून. प्राण्यांचं तर विचारूच नका, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगआधी घ्यावी लागते, त्यांचं ऑफिस हरियाणात बल्लभगडला आहे, आणि ते कागद नसले की सेन्सॉरला अडतं. बंगल्यात एक लॅब्रॅडॉर होता, खरा, त्यांचाच, अतिशय प्रेमळ, आणि तो दर दुसऱ्या टेकला शेपूट हलवत फ्रेममध्ये. परवानगी घेतलेली नाही, त्यामुळे कट. शेवटी "कुत्र्यापासून सावध रहा" अशी पाटी लावली आणि कुत्रा फक्त भुंकताना ऐकू येतो असं केलं. हिरो अख्खी फिल्मभर न दिसणाऱ्या कुत्र्याला घाबरतो. लोकांना ती मुद्दाम केलेली गंमत वाटली.

आता सेटवरच्या माणसांबद्दल. वर्गाच्या फरकाची फिल्म करणाऱ्या सेटवर जेवणाच्या दोन रांगा असतात, एक आर्टिस्ट आणि एचओडी, म्हणजे डिपार्टमेंटच्या प्रमुखांची, पनीर आणि गोड असलेली, आणि दुसरी युनिटची. हे सगळीकडेच असतं, कुणाला वेगळं वाटत पण नाही. आमच्याकडे सुरुवातीला व्हॅनिटी, म्हणजे कलाकारांच्या मेकअप-आरामाची गाडी, नव्हती आणि केटररला एकाच मेन्यूचे पैसे परवडत होते म्हणून सगळे एकत्र वस्तीतल्या समाजमंदिरात जेवायचे, हिरो, लाईटमन, निर्मात्याचा मेव्हणा, सगळे. मग निर्मात्याला कुठूनतरी पैसे मिळाले आणि दोन रांगा झाल्या. त्या दिवशी लाईटमन दादा लोकांच्यात जी चर्चा झाली ती आमच्या स्क्रिप्टपेक्षा चांगली होती. तुम्ही कुठे जेवायचं? मी सांगेन लाईटमनच्या रांगेत. आदर्शवाद म्हणून नाही, तिथे काम कळतं. कुठला लाईट का मागवला, थर्माकोल कुठल्या बाजूने धरला की चेहरा उजळतो, जनरेटर नसताना घरातल्या मीटरवर किती लोड चालेल, हे सगळं मला चपाती-भाजी खाताना कळलं.

मुलींनी एक गोष्ट आधीच विचारा, टॉयलेट कुठे आहे. संकोच करू नका. व्हॅनिटी नसते, वस्तीतलं सार्वजनिक असतं आणि पाणी कधी असतं कधी नसतं, बंगल्यात मालक फक्त कलाकारांना आत जाऊ देतात. मी प्रॉडक्शनला रेकीच्या वेळीच विचारायला लागले, आणि मग एका शेजारच्या शाळेचं टॉयलेट सुट्टीच्या दिवसांत मिळालं. दुसरं म्हणजे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरोधात अंतर्गत समिती हवी असा २०१३ चा कायदा आहे आणि फिल्मच्या युनिटमध्ये दहा माणसं तर नुसती कॅमेऱ्याभोवती असतात. समितीत कोण आहे हे जॉईन होतानाच विचारा, उत्तर आलं नाही तर ते पण एक उत्तरच आहे. आणि रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडायची गाडी, हे आधी बोलून घ्या.

पैसे. फ्रेशरला बरेच जण "शिकायला मिळतंय ना" म्हणतात आणि फक्त कन्व्हेयन्स, म्हणजे जाण्यायेण्याचे पैसे, देतात. पहिल्या फिल्मला कमी पैशात काम करायला माझी हरकत नाही, पण आकडा किती आणि कधी मिळणार हे लेखी पाहिजे, निदान मेसेजवर तरी. हप्ते पाडून मागा आणि शेवटचा हप्ता पॅकअपच्या आधी ठरवा. माझा शेवटचा हप्ता राहिला तो राहिलाच, निर्माता फोन उचलतो, प्रेमाने बोलतो, चहाला बोलावतो, पैसे देत नाही. त्यात सरकारी अनुदान आलं की देतो हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. मराठी चित्रपटांना राज्य सरकारचं अनुदान आहे हे खरं, पण ते फिल्म पूर्ण झाल्यावर, समितीने बघून दर्जा ठरवल्यावर, त्यामुळे त्याच्या भरवशावर तुमचं भाडं ठरवू नका. आणि "आमचा तीन महिन्यांचा कोर्स करा, फिल्ममध्ये काम पक्कं" म्हणणाऱ्यांपासून लांब रहा. काम मिळतं ते ओळखीतून आणि ओळख होते ती काम करताना. पुरुषोत्तम, फिरोदिया करंडक अशा कॉलेजच्या स्पर्धांच्या बॅकस्टेजला ज्यांनी नीट काम केलंय त्यांना फोन येतात, कारण तिथे तुमच्यासोबत लाईट लावणारा मुलगा दोन वर्षांनी कुठेतरी सेकंड असिस्टंट झालेला असतो. मला पण फोन तसाच आला होता.

शेवटचं काम जे नव्या असिस्टंटच्या गळ्यात पडतं ते क्रेडिट लिस्टचं. एडिट संपत आलं की कुणीतरी म्हणतं दोन दिवसांत नावं द्या, आणि मग लक्षात येतं की स्पॉट दादांची आडनावंच कुणाकडे नाहीत, वहीत नुसतं राजू, बबलू, अण्णा. कलाकारांच्या नावापुढे श्री, सौ, आणि यांना आडनाव पण नाही. म्हणून ही यादी पहिल्या आठवड्यातच करा, प्रत्येकाला स्वतःला विचारून, पूर्ण नाव, स्पेलिंग त्यांनी सांगितलेलं, फोन नंबर. ज्यांची घरं वापरलीत त्यांची नावं पण, मावशींनी तर स्वतःचं नाव कसं लिहायचं ते मला कागदावर लिहून दिलं होतं, सासरचं नाव पण आणि माहेरचं पण, दोन्ही पाहिजेत म्हणाल्या. आणि यादी एकदा टाइप झाली की ज्याचं नाव आहे त्यालाच वाचायला द्या, सेन्सॉरला प्रिंट जायच्या आधी, कारण एकदा सर्टिफिकेट मिळालं की फिल्ममधला प्रत्येक बदल परत बोर्डाला कळवावा लागतो आणि एका वेलांटीसाठी निर्माता ते करणार नाही.